‘फोन बदला’ हे उत्तर नाही

आमच्या धंद्यात एक वाक्य फार स्वस्त झालंय: “युजरचा फोन जुना आहे.” अॅप मधेच बंद पडलं की हे वाक्य. फोटो चढेना की हे वाक्य. डाउनलोड शंभर टक्के होऊन स्क्रीन काळी पडली तरी हेच वाक्य. तक्रार बंद होते आणि सगळे चहाला मोकळे होतात.

दर्यापूरकडचा माझा आतेभाऊ मला दर दोन महिन्यांनी फोन करून विचारतो, “काऊन रे भाऊ, माह्याच फोनमंधी काऊन बंद पडते हे?” त्याला मी जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितोय. कारण त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि आमचं उत्तर बहुतेक वेळा खोटं आहे.

माझं म्हणणं असं: दाबलेली फाइल उलगडताना मेमरी कमी वापरणं आणि चुका तपासणं ही एकाच शिस्तीची दोन अंगं आहेत. “तपासणी केली तर मेमरी लागते, मेमरी वाचवायची तर तपासणी सोडावी लागते” असं आम्ही एकमेकांना सांगतो. ही आमची सोय आहे. तिची किंमत आम्ही मोजत नाही. दोन-तीन जीबी रॅमचा फोन पाच वर्षं पुरवणारा अकोल्या-अमरावतीकडचा माणूस ती मोजतो.

आधी हे ‘दाबणं’ म्हणजे काय ते पाहू. तुमच्या फोनमध्ये येणारं जवळजवळ सगळं दाबलेलं असतं. अॅपची एपीके फाइल म्हणजे मुळात झिप असते. निकालाच्या पीडीएफमधला मजकूर बहुधा दाबलेला असतो. व्हॉट्सअॅपचं स्टिकर वेबपी नावाच्या दाबलेल्या चित्रप्रकारात असतं. मराठीला तर या दाबण्याची गरज जास्तच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘अमरावती’ हा शब्द काना-वेलांटी धरून सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइट. रोमनमध्ये लिहिला तर आठ. पण देवनागरीच्या त्या तीन बाइटांतले पहिले दोन जवळपास तेच ते असतात, त्यामुळे मराठी मजकूर छान दाबला जातो.

दाबण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत डिफ्लेट. झिप, पीएनजी, पीडीएफ, सगळीकडे तीच. तिच्यात दोन युक्त्या आहेत. पहिली: एखादा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही, “५०० बाइट मागे जा, तिथले १२ उचल” एवढंच लिहायचं. मागे जाण्याची मर्यादा ३२,७६८ बाइट, एका वेळी उचलण्याची मर्यादा २५८. दुसरी युक्ती हफमनची, १९५२ सालची: जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला लांब कोड.

आता विचार करा. फाइल अर्धवट आली, किंवा कुणी मुद्दाम बिघडवली. तिच्यात लिहिलंय “५०० मागे जा” आणि आतापर्यंत आलेत फक्त ३००. न तपासता मागे गेलात तर तुम्ही स्वतःच्या जागेबाहेरची मेमरी वाचाल. नशीब चांगलं असेल तर अॅप कोसळेल. नसेल तर बाहेरचा माणूस त्या भोकातून आत येईल. ही तपासणी करायला काय लागतं? दोन आकड्यांची एक तुलना. त्यासाठी एकही बाइट जास्तीचा लागत नाही.

आपल्या वऱ्हाडात हा विषय नवा वाटू नये. इथे दीडशे वर्षं जिनिंग-प्रेसिंग चालू आहे. सरकी वेगळी काढायची, रुई दाबायची, १७० किलोची गाठ बांधायची. एकदा गाठ आवळली की आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाचे भाव चढले आणि मुंबईला जाणाऱ्या गाठींत माती, सरकी, पाणी मिसळणं इतकं वाढलं की १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या फसवणुकीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. गाठ तपासायची म्हणून कुणी सगळी गाठ अंगणात पसरत नाही. बाजूला चिरून मूठभर रुई काढतात आणि पाहतात. तपासणीला अंगण लागतं असं म्हणणारा व्यापारी एक तर नवखा असतो, नाहीतर त्याला तपासायचंच नसतं.

सॉफ्टवेअरमध्ये हे मूठभर म्हणजे किती, त्याचे आकडे उपलब्ध आहेत. झेडलिब ही जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी उलगडणारी लायब्ररी. ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी १९९५ मध्ये ती खुली केली. तिच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय: उलगडायला ३२ केबीची खिडकी आणि वर सुमारे ७ केबी लागतात. फाइल ४० एमबीची असो की ४ जीबीची, उलगडणाऱ्याची गरज तीच, चाळीसेक केबी. आणि फाइल शाबूत आहे का हे सांगणारा सीआरसी-३२ हा ताळा? त्याची चालू बेरीज चार बाइटांत मावते. वेगासाठी ठेवलेला तक्ता १ केबीचा.

मग शेकडो एमबी जातात कुठे? आमच्या आळसात. समजा ४० एमबीची झिप आहे आणि ती उलगडल्यावर ९० एमबी होते. आळशी कोड अख्खी झिप मेमरीत घेतो, अख्खं उलगडलेलं रूपही मेमरीत ठेवतो आणि मग ताळा पाहतो. झाले १३० एमबी. ताळा जुळला नाही तर हे सगळं फुकट. शिस्तीचा कोड ६४ केबीचा घास घेतो, उलगडतो, ताळ्याची बेरीज पुढे नेतो, डिस्कवर लिहितो, पुढचा घास घेतो. काम तेच, तपासणी तीच, मेमरी हजार पटीहून कमी.

फोटोचंही तसंच. २०२१च्या खरिपापासून राज्यभर शेतकरी शेतात उभं राहून ई-पीक पाहणीसाठी पिकाचा फोटो काढतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण उलगडल्यावर दर ठिपक्याला चार बाइट या हिशेबाने ४८ एमबी होते. स्क्रीनवर छोटी प्रतिमाच दाखवायची असेल तर अँड्रॉइडमध्ये दोन सोयी आधीपासून आहेत. एक, फोटो न उलगडता नुसती लांबी-रुंदी वाचायची. दोन, उलगडतानाच चौथाई आकारात उलगडायचा. मग ४८ एमबीचे ३ एमबी होतात. पहिली सोय ही तपासणीसुद्धा आहे. लांबी-रुंदी अवाच्या सवा निघाली तर ती फाइल तिथेच नाकारता येते.

हे न करता मेमरी कमी पडली की आमच्यातले बरेच जण काय करतात? अॅपच्या मॅनिफेस्टमध्ये ‘लार्ज हीप’ नावाची एक ओळ टाकतात, म्हणजे सिस्टिमकडे जास्त जागा मागतात. आठ जीबीच्या फोनवर ते खपून जातं. दोन जीबीच्या फोनवर सिस्टिम त्यासाठी मागे उघडी असलेली बाकीची अॅप मारते. फोन ‘लटकतो’ म्हणतात तो असा.

यात एक अन्याय आहे, तो सरळ सांगतो. फाइल उलगडायला किती मेमरी लागेल हे उलगडणारा ठरवत नाही. दाबणारा ठरवतो. एक्सझेड या पद्धतीत नेहमीच्या सहाव्या पातळीवर दाबलेली फाइल उलगडायला ९ एमबी लागतात. नवव्या पातळीवर दाबली तर ६५ एमबी. दाबणारा पुण्या-बंगळुरूतल्या सर्व्हरवर बसून एकदाच दाबतो आणि त्याला दोन टक्के जागा वाचल्याचं समाधान मिळतं. उलगडणारे लाखो असतात, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात अशक्त फोनवर तो भार पडतो. एक्सझेड लिहिणाऱ्यांनी निदान याची जाण ठेवली. उलगडणारा मेमरीची कमाल मर्यादा आधी सांगू शकतो. फाइल त्याहून जास्त मागत असेल तर लायब्ररी काम सुरूच करत नाही आणि किती लागेल ते विचारता येतं. ही मर्यादा घालणं हा एका ओळीचा कोड आहे. ती ओळ मला फार थोड्या प्रोजेक्टांत दिसली.

“तपासणी आम्ही करतोच” असं म्हणणाऱ्यांना माझा पुढचा प्रश्न: कधी करता?

सप्टेंबर २०२३ मध्ये अॅपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी वेबपी चित्रं उलगडणाऱ्या गूगलच्या लिबवेबपी या लायब्ररीतला एक बग कळवला. लायब्ररी क्रोममध्ये होती, फायरफॉक्समध्ये होती, अँड्रॉइडमध्ये होती. बग होता हफमनच्या तक्त्यात. तक्त्यासाठी आधीच ठरवलेली ठरावीक जागा ठेवली होती. ‘योग्य’ फाइलला जास्तीत जास्त किती लागेल याचा तो नेमका हिशेब होता, मेमरी वाचवणारा आणि हुशार. पण अयोग्य फाइल त्याहून मोठा तक्ता भरायला लावू शकत होती. कोडांचा संच पूर्ण आहे की नाही हे पाहणारी तपासणी कोडमध्ये होती. ती तक्ता भरून झाल्यावर होत होती. तोवर जागेबाहेर लिहून झालेलं असायचं.

दुरुस्ती काय केली? तेच काम आधी काहीही न लिहिता एकदा करून पाहायचं. फाइल वैध आहे का आणि तक्ता किती मोठा होईल ते कळलं की मगच लिहायचं, आणि जागा कमी पडत असेल तरच जास्त मागायची. आधी तपास, मग पसारा. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तो क्रम मात्र आमच्या कोडमध्ये उतरलेला नाही.

हफमनच्या संचाची ही तपासणी किती स्वस्त आहे तेही पाहा. एक भाकर घ्या. एका बिटचा कोड म्हणजे अर्धी भाकर, दोन बिटांचा म्हणजे चतकोर, तीन बिटांचा म्हणजे चतकोराचा अर्धा. सगळ्या कोडांचे वाटे मिळून बरोबर एक भाकर झाली पाहिजे. जास्त झाली तर फाइल खोटं बोलतेय, कमी झाली तर संच अपुरा आहे. झेडलिब हे तक्ता भरायच्या आधी तपासते. लागतं काय, तर लांबीनिहाय मोजणी आणि शिल्लक भाकर सांगणारा एक आकडा. इंजिनियरिंगला हफमनचं झाड परीक्षेत काढायला लावतात, सात मार्कांना. बिघडलेलं झाड ओळखायला मला कुठल्याच पेपरात लावलं नाही.

मेमरी वाचवणं म्हणजे आपोआप पुण्य, असंही मी म्हणत नाही. झेडलिबच्याच दाबण्याच्या कोडमध्ये एक जागा दोन कामांना वापरली होती. तयार झालेला माल आणि अंतरांचा तक्ता एकावर एक ठेवले होते. अगदी विरळ प्रसंगी माल वाढून तक्त्यावर चढायचा. हा बग तेरा वर्षं कुणाला दिसला नाही. २०१८ मध्ये कळवला गेला, आणि दुरुस्तीसह अधिकृत आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली. त्याही आधी, २००२ मध्ये, झेडलिब बिघडलेली फाइल ओळखायची, पण आवराआवर करताना तीच मेमरी दोनदा परत करायची आणि त्यातून भोक पडायचं. यातून धडा एवढाच की जागा वाचवली तर ती का पुरेल हे सिद्ध करावं लागतं, आणि चूक सापडल्यानंतरची वाट नेहमीच्या वाटेइतकीच नीट चालून पाहावी लागते. चांगल्या माणसांच्या कोडमध्येही हे झालं. म्हणून तर आपल्यासारख्यांनी जास्त जपायला हवं.

क्रम बदलला की मेमरीही वाचते आणि सुरक्षाही वाढते, याचा एक पुरावा तुमच्या हातातच आहे. अँड्रॉइडवर अॅप बसवताना त्याची सही तपासली जाते. जुन्या पद्धतीत एपीकेमधली प्रत्येक दाबलेली फाइल उलगडून मग सही जुळवावी लागायची. म्हणजे ज्या मालावर अजून विश्वास बसलेला नाही तोच आधी उलगडायचा, आणि वेळ व मेमरी दोन्ही घालवायची. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ने नवी पद्धत आणली: दाबलेल्या फाइलचीच सही तपासा, मग उलगडा.

उलट उदाहरण आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडचं. त्यात माहिती आणि शेवटी २५६ बाइटांची डिजिटल सही एकत्र दाबून एक प्रचंड आकडा बनवलेला असतो. वाचणाऱ्या अॅपला आधी उलगडावंच लागतं, सही त्यानंतर मिळते. सेतू केंद्रातल्या पोराने कुणीही पुढे केलेला कागद स्कॅन केला की अनोळखी माल उलगडला जातो. इथे मर्यादेचा हिशेब करता येतो. एका क्यूआरमध्ये जास्तीत जास्त ७,०८९ अंक मावतात, म्हणजे सुमारे २,९४० बाइट. डिफ्लेट जास्तीत जास्त १,०३२ पट फुगू शकतं. म्हणजे कितीही दुष्टपणे बनवलेला क्यूआर ३० लाख बाइटांच्या आसपासच थांबेल, आणि खऱ्या कार्डाची माहिती काही हजार बाइटांत संपते. मर्यादा घाला, त्यापुढे गेलं की नाकारा. कागदावर दोन मिनिटांचा हिशेब आहे हा.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला: तपासणीने वेग जातो. झेडलिबच्या सगळ्यात वेगवान भागात दर बाइटाला जागेची तपासणी होत नाही. आत किमान ६ बाइट आणि बाहेर किमान २५८ बाइट जागा शिल्लक असेल तरच तो भाग चालतो, कारण एका फेरीत त्याहून जास्त लागूच शकत नाही. फेरीला एकदा पाहिलं की झालं. शेवटच्या थोड्या बाइटांना सावकाश वाट. वेग टिकवून तपासता येतं, फक्त बसून विचार करावा लागतो.

दुसरा आक्षेप खरा आहे: घासाघासाने उलगडलं तर ताळा शेवटी येतो. मग आधीच बाहेर पडलेल्या मालाचं काय? त्याचं उत्तर असं की तो तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहा. ताळा जुळला की खरं नाव द्या, नाही जुळला तर पुसून टाका. डिस्क थोडी लागते, रॅम लागत नाही. माल मोठा असेल तर त्याचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र ताळा द्या. म्हणजे धारणी-चिखलदऱ्याकडे रेंज गेली तर बिघडलेला तुकडाच पुन्हा आणावा लागेल, सगळी फाइल नाही. आणि सीआरसी अपघात ओळखतो, बदमाशी नाही. तो कुणीही पुन्हा मोजून लिहू शकतो. बदमाशीसाठी सहीच हवी.

तिसरा आक्षेप: फोन स्वस्त झालेत, लोकांनी बदलावेत. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. दहा हजारांचा फोन म्हणजे दोन क्विंटलहून जास्त सोयाबीन, तेही हमीभाव हातात पडला तर. आमच्या ६४ केबीच्या घासाचा कंटाळा म्हणून कुणी दोन क्विंटल सोयाबीन विकावं, असं आम्ही म्हणतोय. एका मीटिंगमध्ये मी हा हिशेब मांडला तेव्हा सगळे हसले. तक्रारीवर शिक्का बसला: ‘लो-एंड डिव्हाइस, दुरुस्त करणार नाही’. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तो शिक्का एका कंपनीचा नाही.

आणि जुना फोन म्हणजे नुसती कमी रॅम नव्हे. त्याला अपडेट येणं बंद झालेलं असतं. वेबपीसारख्या बगची दुरुस्ती नव्या फोनवर काही दिवसांत पोचते, जुन्या फोनच्या सिस्टिमपर्यंत ती कधीच पोचत नाही. ज्याच्याकडे मेमरी सगळ्यात कमी, त्याच्याच फोनवर न तपासलेला माल सगळ्यात जास्त धोक्याचा. म्हणून “हलक्या फोनसाठी तपासणी काढून टाकू” हा उपाय त्याच माणसाच्या घराची कडी काढतो.

शेवटी आमच्या चुकांच्या संदेशांबद्दल. उलगडताना अडचण आली तर झेडलिब वेगवेगळे आकडे परत करते. उणे ३ म्हणजे फाइल बिघडलेली. उणे ४ म्हणजे मेमरी कमी. उणे ५ म्हणजे पुढे सरकता येत नाही, बहुधा फाइल अर्धवट आलीय. लायब्ररीला सगळं माहीत असतं. आम्ही या तिन्हींवर एकच पडदा टाकतो, “समथिंग वेंट राँग”, आणि तोही इंग्रजीत. माझ्या आतेभावाला फाइल पुन्हा आणायची, जागा मोकळी करायची की त्या लिंकपासून लांब राहायचं, हे त्या तीन आकड्यांवर ठरतं. तो विचारतो तेव्हा “फोन बदल” सांगणारे आम्ही, उत्तर आमच्याकडे असूनही लपवत असतो.

तुम्ही कोड लिहीत असाल तर पुढच्या रिव्ह्यूत चार प्रश्न विचारा. उलगडायला कमाल मेमरी किती, आणि ती मर्यादा कोडमध्ये कुठे लिहिलीय? तपासणी लिहिण्याआधी होते की नंतर? चूक सापडल्यावर मेमरी एकदाच परत होते का? आणि माणसाला त्याच्या भाषेत काय सांगितलं जातं? चारांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तर कोड परत पाठवा. कोड लिहीत नसाल तर अॅपच्या रेटिंगखाली “लटकते” एवढंच लिहू नका. कोणती फाइल, किती एमबीची, कुठे थांबली, ते लिहा. आणि कुणी “फोन जुना आहे” म्हणालं तर त्याला विचारा, उलगडायला चाळीस केबी लागतात, बाकीची मेमरी तुम्ही कशाला वापरली?